बंदी उठते, गट परत येतो. पण काय काय गमावून?



गेल्या रविवारी मरोळच्या आमच्या वस्तीतल्या विहारात बुद्धवंदना आटोपली. अभ्यासवर्गाला बसलेल्या एका मुलाने विचारलं, "ताई, कॉलेजने आमचा ग्रुप बंद केला. आता तो परत सुरू करता येतो का, की संपलाच?" मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. दहाबारा जणांनी मिळून वाचनगट काढला होता. सहा डिसेंबरला अभिवादनाचा फलक लावला, तर ऑफिसमधून निरोप आला, "परवानगी नव्हती, पुढच्या सूचनेपर्यंत काही करू नका." लेखी काही नाही. शिपायाने येऊन तोंडी सांगितलं, एवढंच. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या पोरांना अजून तिथेच परीक्षा द्यायच्या आहेत.

त्याला मी तिथल्या तिथे जे उत्तर दिलं ते अपुरं होतं, म्हणून हा लेख. आपल्याकडे बंदी येते तेव्हा खूप लिहिलं जातं. बंदी उठली की "विजय झाला" म्हणून एक पोस्ट पडते आणि विषय मिटतो. परत येणं म्हणजे नेमकं काय, हे कोणी तपासत नाही.

सगळ्यांना आठवणारं प्रकरण आयआयटी मद्रासचं. १४ एप्रिल २०१४ रोजी तिथे आंबेडकर पेरियार स्टडी सर्कल सुरू झालं. नाव बदला, हे नाव फूट पाडणारं आहे, असं प्रशासनाने सुरुवातीलाच सुचवल्याचं विद्यार्थ्यांनी सांगितलं आहे. त्याच परिसरात विवेकानंदांच्या नावाचं अभ्यासमंडळ सुखाने चाललं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे एक निनावी तक्रार दिल्लीला मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे गेली. मंत्रालयाने मे २०१५ मध्ये संस्थेकडे खुलासा मागितला आणि २२ मे रोजी गटाची मान्यता काढल्याचा ईमेल विद्यार्थ्यांच्या हातात पडला. आधी म्हणणं ऐकून घेतलं नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. संस्थेचं म्हणणं, नियम मोडला, परवानगीशिवाय संस्थेचं नाव वापरलं. देशभर निदर्शनं झाली, अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली आणि ७ जूनला मान्यता परत मिळाली. सगळा खेळ सोळा दिवसांचा.

त्या सोळा दिवसांत जे झालं ते प्रशासनाच्या हिशेबात नव्हतं. एक गट बंद करायला गेले आणि त्याच नावाचे किंवा त्या धर्तीचे गट इतर संस्थांमध्ये उभे राहिले. आपल्या शेजारी, पवईच्या आयआयटीतला आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल त्याच परंपरेतला. मरोळहून साकी विहार रोडने गेलं की वीस मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर (म्हणजे कधीच नाही). फेब्रुवारी २०२३ मध्ये दर्शन सोळंकी गेला, तेव्हा जातीचा प्रश्न याच गटाने लावून धरला. त्याच वर्षी मेसमध्ये शाकाहारी लोकांसाठी वेगळी टेबलं राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला, तेव्हाही हाच गट बोलला.

पण मद्रासला परत आलेल्या गटाला शांतता मिळाली का? मे २०१७ मध्ये गुरांच्या विक्रीबाबतच्या केंद्राच्या नियमांना विरोध म्हणून तिथे बीफ फेस्ट झाला आणि त्यात भाग घेतलेल्या, या गटाशी जोडलेल्या एका संशोधक विद्यार्थ्याला परिसरातच जबर मारहाण झाली. डोळ्याला गंभीर इजा झाली. मान्यतेचा कागद हातात असला म्हणजे अंगाला हात लागत नाही, असं नाही.

आता आपल्या उपनगरातलं उदाहरण. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आपली 'टिस'. १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देण्यासाठी सुरू झालेली. आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी जणांना तिथे घडताना पाहिलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये एससी, एसटी, ओबीसी विद्यार्थ्यांची फी-सवलत काढली म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी मोठा संप केला होता. म्हणजे विद्यार्थी संघटना तिथे काय कामाच्या होत्या, हे वेगळं सांगायला नको.

१८ एप्रिल २०२४ रोजी पीएच.डी. करणाऱ्या रामदास प्रिनी शिवनंदन या दलित विद्यार्थ्याला टिसने दोन वर्षांसाठी निलंबित केलं आणि सगळ्या कॅम्पसमध्ये यायला बंदी घातली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत नव्या शैक्षणिक धोरणाविरुद्ध निघालेल्या मोर्चात तो प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरमच्या, म्हणजे पीएसएफच्या फलकाखाली गेला होता. आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' पाहा, अशी पोस्ट केली होती. तो माहितीपट १९९२चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यानंतर चार महिन्यांनी, १९ ऑगस्टला, संस्थेने पीएसएफवरच बंदी घातली. कारण दिलं की हा गट कामात अडथळा आणतो, संस्थेची बदनामी करतो, विद्यार्थी आणि प्राध्यापकांत फूट पाडतो. पुढच्याच महिन्यात संस्थेने तो आदेश बाजूला ठेवला.

गट असा महिन्याभरात मोकळा झाला. रामदासला मात्र न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जेवढं निलंबन भोगून झालं तेवढं पुरे असं धरून, पीएच.डी. पूर्ण करायची वाट मोकळी केली. नीट पाहा, निलंबन चुकीचं होतं असं म्हणून ते पुसलं गेलं नाही, फक्त आखूड झालं. एक वर्ष गेलं ते गेलंच. फेलोशिपवर जगणाऱ्या मुलाचं एक वर्ष म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातून पहिल्यांदा कोणी संशोधनाला गेलंय त्यांनाच कळेल. संघटना परत येते तेव्हा तिच्यातला माणूसही त्याच दिवशी परत येतो, असा आपला समज असतो. तो खरा नाही.

हैदराबादचं उदाहरण काढायला जीव धजत नाही, पण काढावं लागतं. रोहित वेमुला आणि चार साथी, सगळे आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांचं निलंबन एकदा मागे घेतलं होतं. तेव्हाही कोणाला वाटलं असेल, सुटलो. डिसेंबरमध्ये वसतिगृहातून काढण्याची शिक्षा झाली. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला आणि २१ जानेवारीला उरलेल्या चौघांची शिक्षा मागे घेतली गेली. म्हणून कोणी म्हणालं, "बंदी उठली ना, मग आता कशाला उकरता," तर मला हे दोन महिने आठवतात, सप्टेंबर आणि डिसेंबर.

या प्रकरणांत एक गोष्ट सारखी दिसते आणि तिच्यावर आपण फार कमी बोलतो. भांडण नावाचं आहे. मद्रासला म्हणाले, संस्थेचं नाव का वापरलं. रामदासच्या खटल्यातही मुद्दा तोच झाला, की फलकावर 'पीएसएफ-टिस' लिहिलं म्हणजे ते संस्थेचंच मत आहे असा लोकांचा समज होतो. मला विचाराल तर हा समज कोणाचाही होत नाही. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे: संस्थेच्या नावावर हक्क कोणाचा? प्रशासनाचा, की तिथे शिकणाऱ्यांचाही? आपल्या पोरांनी शिकून त्या नावात स्वतःचा वाटा कमावला आहे. तो वाटा त्यांना नाकारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नियमपुस्तिकेतलं 'परवानगीशिवाय' हे कलम.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट चित्र दिसतं. तिथल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या नावाच्या फ्रॅटर्निटी असतात. त्यांच्या शाखा निलंबित होतात त्या नव्या सदस्यांचा छळ, दारू, वंशद्वेषी गाणी असल्या कारणांसाठी. मुदत ठरते, अटी ठरतात, मुदत संपली की शाखा कॅम्पसवर परत येते, आणि माजी सदस्यांचा पैसा पाठीशी असतो. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे केंद्रीय कायदा झाला, की असे छळाचे प्रकार कॉलेजांनी जाहीर करायचे. पण त्याच व्यवस्थेत गोऱ्यांनी दार लावल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ साली कॉर्नेलमध्ये आपली अल्फा फाय अल्फा काढली, जिचे मार्टिन ल्यूथर किंग पुढे सदस्य झाले. आपली विद्यार्थी मंडळं या दुसऱ्या जातीतली आहेत. त्यांना शिक्षा मात्र पहिल्या जातीसारखी होते, आणि मुदत, अटी, सुनावणी यातलं काही न ठरवता.

सुनावणीवरून विनयपिटकाकडे येते. आपल्या तरुणांना त्रिशरण पाठ असतं, पण संघाचे कायदे कोणी वाचत नाही. भिक्खूला निलंबित करण्याची तरतूद संघात होती, त्याला उत्क्षेपणीय कर्म म्हणतात. पण ते करायचं कसं? ज्याच्यावर कारवाई तो समोर हजर हवा. आरोप त्याला सांगितला पाहिजे, त्याचं म्हणणं घेतलं पाहिजे. ठराव सभेत मांडून तीनदा विचारलं पाहिजे, कोणाची हरकत आहे का. गैरहजेरीत केलेलं कर्म अधर्माचं, म्हणजे रद्दबातल. आणि परत घेण्याचीही रीत होती, तीही संघासमोर. कोसंबीच्या भिक्खूंचं भांडण अशाच एका निलंबनावरून पेटलं. बुद्धांनी निलंबित करणाऱ्यांनाही समज दिली आणि झालेल्यालाही, दोघंही ऐकेनात तेव्हा ते वनात निघून गेले. शेवटी उपासकांनी भिक्षा बंद केल्यावर भिक्खू वठणीवर आले, आणि तो निलंबित भिक्खू संघात परत घेतला गेला. २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या याच पद्धतींचा, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचा दाखला दिला होता. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही किमान पायरी आणि आजचा ईमेल, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

(जाता जाता: आपल्या मंडळांत काय चालतं? विरोधी बोललेल्याला रात्री बारा वाजता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढतात. ठराव कुठला आणि सुनावणी कुठली. आधी ते सुधारू, मग संस्थांना विनय शिकवू.)

काही साथी म्हणतील, पीएसएफ डाव्यांची, तिच्यासाठी आपण का लिहायचं? जातीच्या प्रश्नावर डाव्यांशी आपले मतभेद जुने आहेत आणि ते राहणार. पण ज्या कलमाने आज त्यांचा फलक उतरतो, त्याच कलमाने उद्या आपला उतरतो. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, आणि तो विचारसरणी बघून दिलेला नाही.

आणि एक बंदी अशी आहे जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. १९८९ मध्ये इथेच विलेपार्ल्यात कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात थेट निवडणुका थांबल्या. २०१६च्या कायद्याने त्या कागदावर परत आल्या, २०१९ साठी जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. गुन्हा काहींचा होता, शिक्षा पिढ्यांना झाली. माझ्या वयाच्या कोणीही मुंबईत कॉलेजात असताना प्रतिनिधीसाठी थेट मत दिलेलं नाही. ज्या शहरात सिद्धार्थ कॉलेज निघालं, वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या चर्चांतून दलित पँथरची धग पेटली, त्या शहरात आज विद्यार्थ्याला गट काढायचा तर शिपायाचा तोंडी निरोप हाच कायदा.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं? तोंडी निरोप म्हणजे आदेश नव्हे, आधी लेखी मागा. अर्ज द्या, पोच घ्या, पोच नाही दिली तर ईमेल करा. गटाची उद्दिष्टं एका पानावर लिहा, सदस्यांची यादी करा, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त ठेवा, चार ओळींचं का होईना. यूजीसीच्या २०१२च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा, तो कोण आहे ते विचारा. उत्तर आलं नाही तर विद्यापीठ, मग अनुसूचित जाती आयोग. आणि सगळं एकाच पोराच्या सहीने करू नका. रामदास एकटा पडला तसं कोणी एकटं पडता कामा नये.

त्याने वहीत सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाला, "ताई, पण नाव तेच ठेवायचं ना? सर म्हणत होते, नाव बदललंत तर बघू." अर्जाचा मसुदा आम्ही तिथेच विहारात बसून केला. नाव तेच आहे. सह्या अकरा झाल्यात, बारावा मुलगा घरी विचारून सांगतो म्हणाला.