भेसळ कशाला म्हणावी?

पाश्चात्त्य सुरांत आपली माती मिसळली की ती भेसळ, असा निवाडा आपल्याकडील जाणकार अधूनमधून देत असतात. मला तो मान्य नाही. मुंबईत वास्तुकला शिकून गोव्यात परतलेल्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रित केली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्येही त्यांनीच वाजवलेली. चार ट्रॅकचे छोटेसे यंत्र आणि कॅसेटी दुकानोदुकानी पोहोचवायला एक स्कूटर! गाणी इंग्रजी, पण बोलला तो गोवाच. आणि अस्सल म्हणून ज्या मांडोचा दाखला दिला जातो, त्यात तरी घुमट आणि व्हायोलिन शेजारी-शेजारी नांदतातच ना?

आमच्या मुरगूडजवळ, आदमापूरच्या वाटेवर धनगरी ढोल घुमतो. गिटार शिकणारी मुले मात्र परक्या गाण्यांची नक्कल करतात, तीही उसन्या उच्चारांत. दोष गिटारीचा नव्हे. एखाद्या तरुणाने स्वतःचे गाणे म्हटले की आपण आधी ताल तपासतो, मग विषय. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. शिवोलीत घडले ते वेदगंगेकाठी का घडू नये? धर्मग्रामाच्या पुढच्या सणाला एक संध्याकाळ स्वरचित गाण्यांसाठी राखून ठेवा. आणि कृपा करून परीक्षक नेमू नका.