मात्रा कोण ठरवतो?

बेताने घेतलेले मद्य प्रकृतीला मानवते, ही समजूत आजकालची नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्याने जडणाऱ्या विकारांचा. पण विधीने, मात्रेत, योग्य काळी, हितकर अन्नासह आणि आपल्या बळानुसार घेतलेले मद्य अमृतासमान ठरते, हेही तिथेच सांगितले आहे. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रीक ग्रंथांतही वाइन औषध म्हणूनच येते. दोन्ही परंपरांत प्रकृती, ऋतू, आहार पाहून वैद्य ती देई. पुढे या अटी गळाल्या आणि 'अमृत' तेवढे लोकांच्या लक्षात राहिले.

एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून लुई पाश्चरने फ्रान्सची वाइन का बिघडते याचा शोध घेतला आणि १८६६च्या ग्रंथात तिला सर्वांत आरोग्यदायी पेय ठरवले. ज्या शहरांत पाण्यातून पटकी आणि विषमज्वर घरोघर पोचत, तिथे ते पटण्याजोगेही होते. तुलना पाण्याशी होती आणि पाणी घाण होते. त्याच काळात लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस अ‍ॅन्स्टी यांनी दिवसाला दीड औंस शुद्ध मद्यार्क ही प्रौढ माणसासाठी वरची हद्द सांगितली, विमा कंपन्यांनी ती उचलली, आणि हद्द म्हणून आखलेली रेघ पुढच्या पिढ्या डोस म्हणून वाचू लागल्या. अमेरिकेत दारूबंदी ऐन भरात असताना, १९२६ साली, रेमंड पर्ल यांनी बाल्टिमोरच्या कुटुंबांच्या नोंदींवरून बेताने पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत असा निष्कर्ष काढला. तो कोणाला गोड लागला असेल, हे सांगायला नको.

खरा धडा मात्र १९८८चा. त्या वर्षी ब्रिटनच्या शेपर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की 'न पिणारे' म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले बरेच असतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी बेताने पिणारा आपोआप धडधाकट दिसतो. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. एवढे होऊनही नोव्हेंबर १९९१मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'फ्रेंच विरोधाभास' झळकला (लोणी-चीज खाऊनही फ्रेंच माणसाचे हृदय शाबूत, कारण रेड वाइन!) आणि दुकानांत लाल बाटल्यांचा खप उसळला. गंमत अशी, की खुद्द फ्रान्सने त्याच वर्षी जानेवारीत मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा केला होता, आणि १९५६पर्यंत आपल्याच शाळांत चौदा वर्षांखालच्या मुलांना जेवणाबरोबर वाइन मिळे, हेही तो देश विसरला नव्हता.

पुढचा हिशेब मात्र सावकाश चुकता झाला. बेताच्या मद्यपानाची मोठी चाचणी अमेरिकी सरकारी संस्थेने २०१८मध्ये थांबवली, कारण तिच्यात मद्यउद्योगाचा पैसा होता आणि तो अधिकाऱ्यांनीच मागितला होता. २०१९मध्ये चीनमधल्या जनुकीय अभ्यासात पक्षाघातापासूनचे कथित संरक्षण विरून गेले, आणि २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही असे जाहीर केले. वाद मिटला असे नव्हे: डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने बेताचे पिणे आणि कमी मृत्युदर यांचे नाते पुन्हा नोंदवले, पण त्यासोबत स्तनाच्या कर्करोगाचा वाढता धोकाही.

आपल्याकडे २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली तेव्हा पुढे केलेले कारण द्राक्ष बागायतदाराचे उत्पन्न हे होते, आणि ते निदान प्रामाणिक होते. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे पालुपद तसे नव्हते. बारा टक्क्यांच्या वाइनच्या दीडशे मिलिलिटर पेल्यात सुमारे चौदा ग्रॅम मद्यार्क असतो, आणि तो नाशिकच्या द्राक्षाचा की उसाच्या मळीचा, हे यकृत विचारत नाही. तरीही १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात मिळणारा पिण्याचा परवाना आजही आरोग्य टिकवण्याच्या नावाखालीच दिला जातो. वाइन विकायची तर शेतीमाल म्हणून, महसूल म्हणून, हौस म्हणून खुशाल विकावी. सरकारने परवान्यावरचा 'आरोग्य' हा शब्द तेवढा खोडावा, आणि जे पीत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरुवात करू नये.