त्रिरश्मीची फेरी

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर आपली कुटुंबे रविवारी जातात, वंदन करतात, डबा खातात आणि परततात. आम्ही मात्र पहाटे तेथे फेरी मारतो. पायथ्याच्या वनउद्यानातून थोडे चालायचे, दोनशेहून अधिक पायऱ्या चढायच्या, उतरायचे आणि उद्यानातून फिरून मूळ जागी यायचे.

गेल्या पावसाळ्यात कन्येला हरवण्याच्या नादात आम्ही ओल्या पायऱ्यांवरून धावत उतरलो. शेवाळावर पाय घसरला, गुडघा सुजला. पंधरा दिवस कचेरी बुडाली, त्यात काही दिवस बिनपगारी. घरचा हिशेब कोलमडला.

तेव्हा बंधुभगिनींनो, चढताना पाऊल लहान टाका. बोलता येईल इतकीच गती ठेवा. उतरताना गुडघा किंचित वाकवून सावकाश या, कारण मांड्या-गुडघ्यांवर जास्त ताण उतरतानाच पडतो. पावसाळ्यात धावायचे तर सपाटीवरच.

येथील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. वर्षावासातील वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४०, म्हणजे प्रत्येकी १२. अट अशी की मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे.

हिशेबाच्या वह्या लिहिण्यात आमची उमर गेली, पण हा धडा सुजलेल्या गुडघ्यानेच शिकवला. शरीर हे कष्टकऱ्याचे मुद्दल आहे. रोज थोडी फेरी मारा, व्याज खा. मुद्दल मोडू नका.