दार उघडण्याआधी कागद वाचा

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील हद्दपारी मोहिमेचे सूत्रधार टॉम होमन यांनी एका वृत्तवाहिनीवर तक्रार केली. शिकागोत धरपकड करणे जड जाते, कारण तिथल्या लोकांना आपले हक्क चांगलेच ठाऊक आहेत, असा तिचा आशय होता. त्या सुमारास शिकागो शहराने बस-रेल्वेच्या फलकांवर हक्कांची माहिती झळकवली होती. अशा माहितीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना खुद्द होमन यांच्या तक्रारीतच उत्तर मिळते.

हे हक्क साधे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटर’ या संस्थेने २००७ साली खिशात मावेल एवढे लाल कार्ड काढले, त्यात त्यांचे सार आहे: मी प्रश्नांची उत्तरे देणार नाही, वकिलाशी बोलल्याशिवाय सही करणार नाही, आणि न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट असल्याशिवाय तुम्हाला घरात येऊ देणार नाही. बोलायचा धीर होत नसेल, तर हे कार्ड दाराखालून सरकवायचे.

खरी मेख वॉरंटात असते. इमिग्रेशन खात्याचे, म्हणजे ‘आइस’चे अधिकारी बहुतेक वेळा जो कागद दाखवतात तो ‘आय-२००’ किंवा ‘आय-२०५’ क्रमांकाचा खात्याचाच फॉर्म असतो. त्यावर नाव असते, शिक्का असतो, ‘वॉरंट’ हा शब्दही ठळक असतो. पण सही खात्यातल्याच अधिकाऱ्याची असते. घरात शिरायला अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार न्यायाधीशाची सही लागते, असेच कायदा आजवर मानत आला आहे. म्हणून कागद खिडकीच्या काचेला लावायला सांगावा. वर कोर्टाचे नाव आहे का, खाली न्यायाधीशाची सही आहे का, आपले नाव-पत्ता बरोबर आहे का, एवढे पाहावे. हद्दपारीचा अंतिम आदेश झालेल्यांच्या घरात खात्याच्याच वॉरंटावर जबरदस्तीने शिरता येते, अशी भूमिका ‘आइस’च्या एका अंतर्गत टिपणात घेतल्याचे जानेवारी २०२६ मध्ये उघड झाले. त्यावरचा वाद कोर्टात लढला जाईल. अधिकारी आत घुसलेच तर अंगावर जाऊ नये. ‘माझी संमती नाही’ हे मोठ्याने सांगावे आणि सगळे लक्षात ठेवावे. पुढे वकिलाला तेच उपयोगी पडते.

अमेरिकेतील अनेक मराठी घरांत या विषयावर एकच वाक्य ऐकू येते: ‘आपल्याकडे कागद आहेत, आपल्याला काय भीती?’ याच समजुतीमुळे तयारी राहून जाते. कागद असणाऱ्यांवर कायद्याने कर्तव्येही टाकली आहेत. परदेशी नागरिक अठरा वर्षांचा झाला की त्याने नोंदणीचा पुरावा, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४, जवळ बाळगायचा असतो. घर बदलले की दहा दिवसांत ‘एआर-११’ फॉर्म भरून पत्ता कळवायचा असतो. गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटे बोलण्याचा नाही. नागरिक नसताना ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ असे सांगितले तर त्या देशाची दारे कायमची बंद होऊ शकतात.

सर्वांत नाजूक जागा आहे विमानतळाची. मुलाने ग्रीन कार्ड काढून दिलेले आणि हिवाळा पुण्यात किंवा नाशिकला काढणारे आईवडील आपल्याकडे घरोघरी आहेत. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतल्यावर त्यांच्यामागे चौकशी लागू शकते. मार्च २०२५ मध्ये अशा वयस्कर भारतीयांवर ‘आय-४०७’ फॉर्मवर सही करण्यासाठी दबाव आणल्याच्या तक्रारी वकिलांनी मांडल्या. या सहीचा अर्थ आपण होऊन ग्रीन कार्ड सोडणे. बावीस तासांच्या प्रवासाने थकलेली, इंग्रजीत अडखळणारी सत्तरीची बाई समोरचा गणवेश पाहून सही करून मोकळी होते. सही नाकारण्याचा आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा हक्क तिला आहे, हे तिला विमानात बसण्यापूर्वी मराठीत कोणी सांगितलेले नसते.

अटक झालीच तर वकील करता येतो, मात्र स्वतःच्या खर्चाने. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही. आपल्या दूतावासाला कळवा, असे म्हणण्याचा हक्कही आहे. हा हक्क देणारे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ मराठी वाचकाला परके नाही. पाकिस्तानच्या कैदेतील कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात नागपूरचे वकील हरीश साळवे याच कलमावर हेगमध्ये भारताची बाजू लढले, आणि १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने त्याचा भंग केल्याचा निकाल दिला. जाधवांसाठी भारताने जे मागितले, ते अमेरिकेतल्या कोठडीत बसलेल्या कोणत्याही भारतीयाला मागता येते.

या हक्कांचे मूळ जुने आहे. १८८६ साली सॅन फ्रान्सिस्कोतील एका चिनी धोब्याच्या खटल्यात अमेरिकी सुप्रीम कोर्टाने ठरवले की चौदाव्या दुरुस्तीचे संरक्षण केवळ नागरिकांना नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे. भारतीय राज्यघटनेचे कलम २१ देखील ‘व्यक्ती’बद्दलच बोलते. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि वकिलाला भेटू दिले पाहिजे, असे कलम २२ सांगते. तरीही जून २०२५ मध्ये मीरा रोडला राबणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. तो भारतीयच असल्याचे निघाल्यावर त्याला परत आणावे लागले. अमेरिकेत आपल्या माणसाला नीट वागणूक मिळावी असे ज्यांना वाटते, त्यांनी मीरा रोडच्या त्या गवंड्यासाठीही तोच आग्रह धरायला हवा.

अमेरिकेतील मराठी मंडळांचे जाळे मोठे आहे. त्यांना जोडणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ ची. नाटके, दिवाळी अंक, मराठी शाळा ही मंडळे हौसेने चालवतात. त्यांनी आता प्रत्येक गावात इमिग्रेशनचा एक वकील बोलवावा आणि खात्याच्या फॉर्मची व न्यायाधीशाच्या सहीच्या वॉरंटची प्रत शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. वकिलाचा आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक फोनमध्ये ठेवून भागत नाही, कारण फोन आधी काढून घेतात. तो पाठ असावा. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत यासाठी एक तास सहज निघेल, आणि भारतातून येऊन-जाऊन असणाऱ्या आईवडिलांना त्या तासाला पहिल्या रांगेत बसवावे.