28 दिवसांचा महिना हे कमी माप आहे



दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय असतो, त्यात व्रतांचे अतिचार येतात. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत एक आहे हीनाधिक मानोन्मान. म्हणजे घेताना मोठं माप आणि देताना लहान माप. पंडितजी तराजूचं उदाहरण देतात आणि आपण माना डोलावतो. यंदा ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मोबाईलचा रिचार्ज उभा राहिला.

कारण सांगते. माझी आत्या 82 वर्षांची आहे, गावी एकटी राहते. तिच्याकडे बटणाचा साधा फोन आहे. ती स्वतः फोन क्वचितच लावते, आलेला घेते. दर महिन्याच्या 1 तारखेला दुकानात जाऊन रिचार्ज करायचा हा तिचा नेम. आषाढात पावसामुळे तिला आठ दिवस उशीर झाला. तिच्या हिशेबाने आठ, कंपनीच्या हिशेबाने दहा, कारण कंपनीचा महिना 28 दिवसांतच संपला होता. आधी तिचे जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. त्याच दिवसांत तिची धाकटी बहीण दवाखान्यात होती. भाच्याने फोन लावून लावून शेवटी शेजाऱ्यांकडे निरोप दिला. आत्या पोहोचली तेव्हा बहीण बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

आत्या अजून म्हणते, "मलाच काही कळत नाही गं यातलं." मला या वाक्याचाच राग येतो. तिला सगळं कळतं. महिना 28 दिवसांचा नसतो हेसुद्धा कळतं.

आता हिशेब करू. 28 गुणिले 13 म्हणजे 364. म्हणजे वर्षाचे महिने 12 आणि रिचार्ज 13. आपल्या दूधवाल्याने 28 दिवस दूध घालून महिन्याचे पैसे मागितले, तर आपण त्याला दारात उभं करू का? इथे मात्र गप्प बसतो. ट्रायने 2022 साली प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा ठेवायला सांगितलं. पण माझ्या अनुभवात दुकानदार आधी 28 चाच सांगतो.

दुसरी गोष्ट इनकमिंगची. 2003 च्या मे महिन्यापासून आपल्याकडे येणारा फोन मोफत झाला. फोन करणारा पैसे देतो, घेणाऱ्याला खर्च नाही, या भरवशावर घरोघरी आईच्या, सासूबाईंच्या हाती फोन आले. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि तो भरवसा संपला. भाच्याने त्याच्या फोनचे पैसे भरलेच होते. तरी फोन आत्यापर्यंत गेला नाही.

तिसरी गोष्ट नको असलेल्या मालाची. रोज दोन जीबीचा पॅक घेतला की 28 दिवसांत 56 जीबी होतात. बटणाच्या फोनवर आत्या त्यांचं काय करणार? ज्यांच्याकडे मोठा फोन आहे त्यांचाही उरलेला रोजचा डेटा बहुतेक पॅकमध्ये रात्री 12 ला बुडतो. आपण चातुर्मासात भाज्या मोजतो, भोगोपभोगाचं परिमाण करतो. न वापरायच्या वस्तूचे पैसे दर महिन्याला भरणं कुठल्या परिमाणात बसतं?

यावर काही जणी म्हणतील, काळाबरोबर चालावं. मी चालतेच. महाराजांचं प्रवचन मीही फोनवर ऐकते. काही जणी म्हणतील, टॉवरला खर्च येतो. येतो ना! बोलण्याचे पैसे घ्या, रास्त घ्या. पण गूळ हवा असेल तर साखरही घ्यावीच लागेल, असं म्हणणाऱ्या वाण्याच्या दुकानात आपण परत जात नाही.

जाळं बदलण्याचंही तसंच. 3जी बंद करून कंपन्यांनी त्या लहरी 4जी ला दिल्या. 1 ऑक्टोबर 2022 ला 5जी आलं. 4जी वर बोलायला व्हीओएलटीई असलेला फोन लागतो, जुना 2जी फोन तिथे चालत नाही. हे तंत्रज्ञान आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण चालता फोन कचऱ्यात टाकायला लावणं म्हणजे अनर्थदंडच. आत्याच्या कंपनीचं 2जी अजून चालू आहे, तरी दुकानदार तिला टचचा फोन गळ्यात मारत होता. खरोखर बदलायची वेळ आली, तर बटणाचे 4जी फोनही मिळतात.

आता आपल्या चुकीबद्दल. घरातल्या वयस्कर बाईचा रिचार्ज मुलगा करतो, कुठला केला ते तिला सांगत नाही आणि वर "तुला काय कळतंय" म्हणतो. आपण तेही ऐकून घेतो. किराण्याची पै न् पै वहीत लिहिणाऱ्या आपण फोनचा खर्च मात्र लिहीत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक देणं बंधनकारक केलं आणि पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यानंतर कंपन्यांनी 84 दिवसांचे आणि वर्षभराचे असे पॅक आणले. इथेही मेख आहेच, पैसे एकदम भरावे लागतात. तरी आत्यासाठी मी तोच मागितला. दुकानदार आधी म्हणाला, "असा पॅक नसतो, काकू." मी काउंटरवरून हलले नाही. मग सापडला.

मैत्रिणींनो, एवढं करा. घरातल्या प्रत्येक फोनची रिचार्ज संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. डेटा वापरत नसलेल्या माणसाला बोलण्याचाच पॅक घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर पोर्ट असं लिहून एक जागा सोडून मोबाईल नंबर टाका आणि 1900 वर एसएमएस करा, नंबर तोच राहतो.

कमी माप देणं हा अतिचार आहे. ते रोज बघून मुकाट्याने पैसे मोजणं यालाही मी क्षमा म्हणणार नाही. आत्याचा फोन आता वर्षभर चालू राहील. बहिणीचा मात्र येणार नाही.

जय जिनेंद्र.