नोंदणीकृत सिम फोनमध्येच बरे
महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरण्याची अखेरची मुदत आणि पेढीवरील ब्रॉडबँड बंद! अशा वेळी मोबाइलचे सिम लॅपटॉपला जोडण्याचा मोह होतो. परंतु सिमची खाच मोजक्याच लॅपटॉपांत असते. इतरांना यूएसबी डोंगल लागते. शिवाय बँकेत व पोर्टलवर नोंदविलेले सिम फोनमधून काढले, की ओटीपी फोनवर येत नाही आणि ऐन वेळी विवरणपत्रच अडते. म्हणून व्यापारी बंधूंनी ते सिम फोनमध्येच ठेवून हॉटस्पॉट सुरू करावा. गरज नित्याची असल्यास डोंगलसाठी स्वतंत्र डेटा सिम घ्यावे व त्यास पिन लावावा. डोंगल हरवले तरी गैरवापर टळतो. पिन मात्र लक्षात असावा. तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक मिळवावा लागतो. तिजोरीची किल्ली जागच्या जागी असलेलीच बरी.