कांद्याचा पापुद्रा आणि नीटची तयारी

सटाण्याच्या चौकाचौकांत या आठवड्यात नीट आणि सीईटीच्या नव्या तुकड्यांचे फलक लागले असून, अकरावीत प्रवेश घेतलेल्या मुलाला दोन वर्षांत डॉक्टर करण्याच्या वाटेला लावण्याची हमी त्यांतील बहुतेकांवर छापलेली आहे. नीट ही वैद्यकीय पदवीच्या प्रवेशासाठी देशभर घेतली जाणारी 720 गुणांची परीक्षा असून तिच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात. डॉक्टर-शिक्षकांच्या घरातील मुलाबाबत ही हमी कदाचित खरी ठरेल. परंतु साल्हेर, मुल्हेर, केळझरच्या पट्ट्यातील आश्रमशाळेतून आलेल्या कोकणा किंवा भिल्ल मुलीला ती देणे अन्यायाचे आहे, कारण ज्या वर्षांत तिची तयारी व्हायला हवी होती ती आठवी ते दहावीची वर्षे तोवर हातची गेलेली असतात. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना कांद्याचा विषय नवा नाही, आणि आजही तो येणार आहे, मात्र भावासाठी नव्हे.

सोयी मुळीच नाहीत असे म्हणता येत नाही. आश्रमशाळा, म्हणजे आदिवासी मुलांना राहण्या-जेवणासह मोफत शिक्षण देणाऱ्या निवासी शाळा, राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या घरात आहेत. अजमेर सौंदाणे येथे केंद्राच्या योजनेतील एकलव्य निवासी शाळा आहे, नाशिक जिल्हा परिषदेने ‘सुपर 50’ हा उपक्रम चालवला, मेळघाटात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ने आश्रमशाळेतील मुलांची ‘उलगुलान’ तुकडी उभी केली, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर 1998 पासून नाशिकमध्येच आहे. आश्रमशाळा आणि एकलव्य शाळा वगळल्या तर यांतले जवळजवळ सारे दहावीनंतर सुरू होते.

त्याआधीच्या वर्षांत काय राहून जाते, ते एका साध्या प्रयोगावरून दिसते. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात कांद्याच्या पेशी पाहण्याचा एक प्रयोग आहे. कांद्याच्या फोडीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलून तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब सोडायचा, कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळूहळू खाली येऊ द्यायची, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारख्या रांगेने लागलेल्या पेशी आणि त्यांतील पिवळट केंद्रके दिसतात. सटाणा आणि नामपूर अशा दोन बाजार समित्यांत ज्या तालुक्याचा उन्हाळ कांदा जातो, त्या तालुक्यातील कितीतरी मुले हा पापुद्रा कधीही काचेखाली न धरता फळ्यावरील आकृती जर्नलमध्ये उतरवतात आणि दहावीच्या प्रात्यक्षिकाचे 20 पैकी बहुतेक गुण घेऊन बाहेर पडतात. कांदा काढणीच्या मजुरीला आईबरोबर जाणाऱ्या मुलीचा हात या कामात शहरातील मुलाहून अधिक सफाईने चालेल, हे तिच्या शिक्षकालाही दिसत नाही, कारण सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो.

तो कुलूपबंद का असतो, हे समजून घेतले पाहिजे. शाळेतील प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेली असते, ती फुटली तर खुलासा शिक्षकाला द्यावा लागतो, आणि ज्या शिक्षकाची स्वतःचीच नेमणूक तासिकेवर किंवा रोजंदारीवर आहे त्याने असा धोका पत्करावा ही अपेक्षा कठोर आहे. 2025 मध्ये आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर दीर्घकाळ ‘बिऱ्हाड आंदोलन’ केले, ते नोकरीचे आंदोलन म्हणून वाचले गेले. त्या मागणीचा कपाटातील सूक्ष्मदर्शकाशी थेट संबंध आहे हे मात्र कोणी फारसे मांडले नाही. वर्षानुवर्षे तेच शिक्षक राहिले तरच प्रयोगशाळा वापरात राहते, आणि फुटलेली काचपट्टी हा गुन्हा न ठरता शिकण्याचा खर्च ठरतो.

याच्या जोडीला भाषेचा कडा आहे. घरी कोकणा, भिल्ली किंवा अहिराणी बोलणारे मूल शाळेत मराठीतून विज्ञान शिकते आणि अकरावीच्या पहिल्याच दिवशी तेच विज्ञान त्याच्यापुढे इंग्रजीतून येते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण राज्य मंडळाची अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असल्यामुळे त्या सवलतीचा आधार फारसा उरत नाही. आठवीपासून दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी शिकवल्या तर हा कडा उतरता येतो.

शेजारच्या साक्री तालुक्यातील सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातून येऊन मुंबईत एमबीबीएस झाले, पुढे आयएएस होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांच्याविषयी बोलताना आईचे कष्ट आणि मुलाची जिद्द सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. पण शालेय वयातच ते अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात दाखल झाले होते, हा तपशील ओझरता राहतो. बुद्धी गावातच होती; तिला वेळेवर चांगली शाळा मिळाली.

शिवाय आरोग्याचे क्षेत्र डॉक्टरपाशी संपत नाही. सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार, राज्यातील आदिवासी समाजांत आढळतो आणि 2047 पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले. त्याच्या प्राथमिक चाचणीत द्रावणाच्या नळीत थोडे रक्त मिसळतात आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढील तपासणीला पाठवतात. ही चाचणी करणारा लॅब टेक्निशियन, समुपदेशन करणारी परिचारिका, औषध देणारा फार्मासिस्ट या साऱ्या नोकऱ्या या मुलींच्या आवाक्यातील आहेत, आणि रुग्णाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलू शकणारी परिचारिका त्या पट्ट्याला हवीच आहे. पण या वाटा दहावीच्या वर्गात कोणी सांगत नाही. डांगसौंदाण्याला ग्रामीण रुग्णालय आहे. जवळच्या आश्रमशाळांतील नववीच्या मुलामुलींना दर महिन्याला एक सकाळ तेथील प्रयोगशाळेत उभे राहू द्यावे. त्यासाठी कळवणच्या प्रकल्प कार्यालयाचे एक पत्र आणि रुग्णालयाची संमती पुरेशी असून, ते पत्र पहिल्या घटक चाचणीपूर्वी निघावे.